फुकट बसवलेल्या इन्सुलेशनमुळे भिंतीला ओल आली: इंग्लंडमध्ये दाद कुठे आणि कशी मागायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेस्टरमध्ये शंभर वर्षांपेक्षा जुनं, टेरेसच्या, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगेच्या, टोकाचं घर. भिंती नऊ इंची, भरीव विटांच्या. २०२३ मध्ये ईसीओ४ या सरकारी योजनेतून बाहेरून इन्सुलेशन बसवून मिळालं, खिशातून एक पेनीही गेली नाही. पहिला हिवाळा सरेपर्यंत मागच्या बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली आणि खिडकीखालच्या प्लास्टरला पोपडे सुटले. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला, "तुमच्याकडे स्वयंपाक फार होतो, कपडे घरात वाळतात, खिडक्या उघडत जा." त्यानंतर कंपनीचा फोन लागत नाही. त्या खोलीत प्रश्नकर्त्यांच्या दमा असलेल्या आई झोपतात. फुकट मिळालेल्या कामाबद्दल तक्रार करता येते का, आणि करायची तर कोणाकडे?

करता येते, आणि करायलाच हवी. मी या देशात बरीच वर्षं घरांची तपासणी करतो आणि गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या कामांत अशा भिंतींचा भरणा वाढत चालला आहे. आपल्या लोकांच्या मनात एक संकोच असतो: सरकारनं फुकट दिलंय, आता कुठल्या तोंडानं कुरकुर करायची? तो आधी काढून टाका. हे पैसे दानधर्मातून आलेले नाहीत. ईसीओ योजनेच्या या कामांचा खर्च ऊर्जा कंपन्यांनी केला आणि तो देशातल्या सगळ्या ग्राहकांच्या वीज-गॅसच्या बिलांतून वसूल झाला. त्यात तुमचंही बिल आलं.

आणि तुम्ही एकटे नाही. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा ऑक्टोबर २०२५ चा अहवाल सांगतो की ईसीओ४ आणि ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीम या दोन योजनांमधून ज्या घरांना बाहेरून इन्सुलेशन बसवलं, त्यातल्या ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे दोष आहेत. म्हणजे अंदाजे २२ ते २३ हजार घरं. भिंतीच्या आतून बसवलेल्या कामांत हे प्रमाण २९ टक्के आहे. बाहेरच्या कामांपैकी ६ टक्के घरांत दोष इतके गंभीर आहेत की राहणाऱ्यांच्या जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका आहे. कारणंही अहवालात आहेत: कुशल कामगार नाहीत, प्रमाणपत्र एकाकडे आणि काम करणारे दुसरेच, कोणतं मानक कुठे लागू याबद्दल गोंधळ, आणि सरळसरळ कामचुकारपणा. देखरेखीच्या यंत्रणेचे इतके तुकडे होते की चूक कोणी पकडायची हेच कोणाला ठाऊक नव्हतं. अहवाल हाताशी ठेवा. "तुमचंच घर विचित्र आहे" असं कोणी म्हणालं तर हा आकडा पुढे करा.

आता त्या 'स्वयंपाक फार होतो' या वाक्याबद्दल. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण बहुतेकांची तक्रार इथेच मरते.

हे वाक्य भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, सोमाली घरांत हमखास ऐकवलं जातं. कुकरच्या शिट्ट्या, भाताची वाफ, घरात माणसं जास्त, असं सगळं आपल्याच माथी. रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्यानं श्वसनसंस्था निकामी होऊन तो गेला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये मृत्यूच्या न्यायालयीन चौकशीत निघाला. ते घर एका गृहनिर्माण संस्थेचं होतं, आणि त्या संस्थेनंही बुरशीचा दोष कुटुंबाच्या राहणीवर टाकला होता. त्या मुलाच्या नावानं पुढे कायदा झाला. म्हणून हे वाक्य ऐकून गप्प बसू नका.

तांत्रिक बाजूनंही ते वाक्य टिकत नाही. भिंतीत ओल दोन वाटांनी येते. एक, बाहेरचं पावसाचं पाणी आत शिरतं. दोन, घरातली वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. पहिली वाट असेल तर दोष उघडच कामाचा. पण दुसरी असली तरी कंपनी सुटत नाही. या योजनांची कामं पास २०३५ या मानकाप्रमाणे व्हायला हवीत, आणि त्यात इन्सुलेशन बसवण्याआधी घरातलं वायुवीजन तपासणं आणि अपुरं असेल तर सुधारणं बंधनकारक आहे. घराच्या फटी बुजवल्या की आतली वाफ बाहेर काढायची सोय द्यावीच लागते. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये चालणारे एक्स्ट्रॅक्टर फॅन, खिडक्यांच्या वरच्या बाजूला हवेच्या बारीक झडपा, आतल्या दारांच्या खाली हवा खेळायला फट. यातलं काय तुमच्याकडे बसवलं? काहीच नसेल, तर "कंडेन्सेशन आहे" हे कंपनीचं म्हणणं म्हणजे स्वतःचं काम अर्धवट सोडल्याची कबुली आहे. तक्रारीत हे अशाच शब्दांत लिहा: ओल बाहेरून येत असेल तर बांधकामाचा दोष, आतून असेल तर वायुवीजनाच्या आराखड्याचा दोष, दोन्ही तुमच्याच जबाबदारीत येतात.

तरीही पाणी कुठून येतंय ते तुम्हाला स्वतःला कळलेलं बरं. एखादा कोरडा दिवस बघून घराबाहेर उभे राहा, दुर्बीण असेल तर घ्या आणि वरून खाली नजर फिरवा. आधी वळचण. इन्सुलेशनमुळे भिंत बाहेरच्या बाजूला सुमारे चार इंच जाड होते, पण छप्पर होतं तिथेच राहतं. त्यामुळे पूर्वी वळचणीखाली सुरक्षित असलेली भिंतीची वरची कड आता उघड्यावर येते. तिथे धातूची टोपीसारखी पट्टी लागते. कित्येक घरांत तिच्याऐवजी सीलंटची एक रेघ ओढलेली असते, आणि दोन हिवाळ्यांत ती सुकून भिंतीपासून सुटते. म्हणजे घराला रेनकोट घातला आणि गळ्याची बटणं उघडीच ठेवली. पाणी वरून शिरतं, बोर्डाच्या मागून उतरतं आणि खाली कुठेतरी, बहुतेक वेळा खिडकीच्या डोक्यावर किंवा उंबऱ्याखाली, आत फुटतं. म्हणून ओल जिथे दिसते तिथेच दोष असेल असं धरून चालू नका.

मग खिडकीचा बाहेरचा उंबरा बघा. भिंत जाड झाली की उंबराही पुढे वाढवायला हवा, त्याच्या दोन्ही टोकांना पाणी अडवायची सोय हवी. तुमच्या खिडकीखालचे पोपडे पाहता माझा पहिला संशय इथेच आहे. पुढे पावसाच्या पाइपांचे आणि केबलचे ब्रॅकेट: ते रेंडरमधून, म्हणजे बाहेरच्या गिलाव्यातून, आरपार गेलेत का, भोवती भेगा आहेत का? बॉयलरचा धूर बाहेर सोडणारी नळी वाढवली आहे की इन्सुलेशनच्या आतच अडकली आहे? ती अडकलेली दिसली, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी गॅस सेफ नोंदणी असलेल्या इंजिनिअरला बोलवा, तो जिवाचा प्रश्न आहे. शेवटी जोतं. इन्सुलेशन थेट जमिनीला टेकलेलं नसावं. जमिनीपासून सुमारे १५० मिलिमीटर वर, ओल अडवणाऱ्या थराच्या वर ते थांबायला हवं. जमिनीपर्यंत आणलं असेल तर जमिनीतलं पाणी त्याच्याच आधारानं वर चढतं. टोकाच्या घराला अजून एक जागा असते: शेजारच्या घराशी जिथे जोड येतो, तिथलं टोक कसं बंद केलंय ते पाहा.

आत, आईंच्या खोलीत, दहा-पंधरा पौंडांचं आर्द्रता नोंदवणारं यंत्र ठेवा आणि दुसरं एखाद्या कोरड्या खोलीत. रोजच्या नोंदीत पाऊस होता का, वारा कुठून होता, हेही लिहा. इंग्लंडात पावसाळी वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. वाऱ्याच्या पावसानंतर एक-दोन दिवसांनी डाग गडद होत असेल तर पाणी बाहेरून आहे. पावसाशी काही संबंध नाही, पण कडाक्याच्या थंडीत सकाळी कोपरा ओला होतो, असं असेल तर वाफ आहे. दोन्ही एकत्र असणंही नेहमीचंच. एक सावधगिरी: भिंतीला दोन सुया टोचून आकडा दाखवणारी मीटरं लाकडासाठी बनवलेली असतात. जुन्या विटांतल्या क्षारांमुळे ती भलताच आकडा दाखवतात. त्या आकड्यावरून कोणी निदान करत असेल, मग तो कंपनीचा असो वा तुमचा, ते मानू नका.

आणि भिंत रंगवू नका. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक दुसरा माणूस पाहुणे यायच्या आधी रंग मारून मोकळा होतो. बुरशी पुसायचीच असेल, आणि आईंसाठी ती पुसायलाच हवी, तर आधी तारीख दिसेल असे फोटो घ्या, जवळून आणि लांबून, शेजारी मोजपट्टी धरून. आईंना शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत हलवा. जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जाऊन दमा वाढल्याची आणि घरात बुरशी असल्याची दोन्ही नोंद करून घ्या. ते पत्र पुढे फार कामाला येतं.

कागद. काम झाल्यावर एक फोल्डर किंवा ईमेल आला असेल, त्यात हमीपत्र असायला हवं. बाहेरच्या भिंतीच्या इन्सुलेशनला या योजनांमध्ये २५ वर्षांची हमी लागते आणि कंपनी बुडाली तरी ती चालू राहावी अशीच तिची रचना असते. हमीपत्र मिळत नसेल तर ट्रस्टमार्क या घरकामांच्या दर्जावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारमान्य संस्थेकडे विचारा. योजनेतलं प्रत्येक काम ट्रस्टमार्कच्या नोंदवहीत चढवावं लागतं, आणि कोणत्या हमीदाराकडे हमी आहे हे तिथून कळतं.

यासोबत एक गोष्ट जरूर करा, जी फार कमी लोक करतात. इंग्लंडच्या माहिती-संरक्षण कायद्यानुसार तुमच्याबद्दलची कोणतीही माहिती मागायचा हक्क तुम्हाला आहे. फी नाही, आणि साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. बसवणारी कंपनी, त्या कामाची रेट्रोफिट कोऑर्डिनेटर (म्हणजे कामावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत देखरेख ठेवणारी) कंपनी आणि पैसे देणारी ऊर्जा कंपनी, तिघांना वेगवेगळं पत्र लिहा आणि मागा: काम सुरू होण्याआधीची पाहणी, आराखडा, वायुवीजनाचं मूल्यांकन, कामाचे फोटो, तुमच्या नावानं झालेल्या सह्या. ऑफजेम या ब्रिटनच्या ऊर्जा नियामकाच्या अंदाजानुसार ईसीओमध्ये ५,६०० ते १६,५०० घरांच्या बाबतीत कंपन्यांनी खोटे दावे केले असण्याची शक्यता आहे. म्हणून हे कागद बारकाईनं वाचा. फोटोतली खिडकी तुमचीच आहे ना? सही तुमचीच आहे ना? वायुवीजनाच्या तक्त्यात जो फॅन दाखवलाय तो प्रत्यक्ष भिंतीवर आहे का?

तक्रारीचा क्रम मोडू नका. वरच्या दारात गेलात तर ते विचारणार, खाली विचारलंत का? म्हणून पहिलं पत्र कंपनीलाच, फोन लागत नसला तरी. ईमेल आणि रेकॉर्डेड डाक, दोन्हीनं. दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत द्या. उत्तर नाही आलं की ज्या संस्थेनं कंपनीला प्रमाणपत्र दिलंय तिच्याकडे, मग ट्रस्टमार्ककडे, आणि त्याच वेळी हमीदाराकडे. ऊर्जा कंपनीलाही प्रत पाठवा. ऑफजेम योजना चालवतं, पण तुम्हाला भरपाई देणारं ते कार्यालय नाही. तरी त्यांच्याकडे नोंद असू द्या, कारण अहवाल आल्यावर या दोन योजनांतल्या बाहेरून इन्सुलेशन केलेल्या सगळ्या घरांची तपासणी करण्याचं आणि घरमालकावर खर्च न टाकता दोष दुरुस्त करून घेण्याचं सरकारनं जाहीर केलं आहे. तपासणीचं पत्र आलं असेल तर ते जाहिरात समजून कचऱ्यात टाकू नका. आलं नसेल तर स्वतःहून विचारा. मात्र तपासणीच्या नावाखाली फोन करून बँकेचा तपशील किंवा फी मागणारा कोणीही असला तर फोन ठेवून द्या.

याच टप्प्यावर तुमच्या खासदाराला एक पानाचं पत्र लिहा. हा उपाय लोकांना नुसता औपचारिक वाटतो. प्रत्यक्षात खासदाराच्या कार्यालयातून पत्र गेलं की अडलेली फाइल हलते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

हमीदाराकडून दोन अडचणी येतील. पहिली, 'देखभाल केली नाही' हा शेरा. त्यासाठी गटारं आणि पन्हाळी साफ असल्याचे फोटो आधीच काढून ठेवा. दुसरी, रकमेची मर्यादा, बऱ्याचदा २०,००० पौंडांची. साधी दुरुस्ती त्यात बसते. संपूर्ण इन्सुलेशन काढून, भिंत सुकवून, आतलं प्लास्टर नव्यानं करायचं असेल तर खर्च वर जाऊ शकतो. म्हणून हमीदाराच्या माणसानं ठरवलेल्या थातूरमातूर डागडुजीला होकार देण्याआधी स्वतःचा स्वतंत्र तपासनीस बघा: रिक्स या सर्व्हेअरांच्या व्यावसायिक संस्थेचा चार्टर्ड सर्व्हेअर, जुन्या विटांच्या घरांचा अनुभव असलेला, आणि ओलीवरची औषधं किंवा कामं स्वतः न विकणारा. काही शे पौंड जातील, पण त्याच्या अहवालावर पुढचं सगळं उभं राहतं.

कंपनी बंद पडली आहे का हे कंपनीज हाउस या कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या नोंदीत फुकट बघता येतं. आजच बघा, कारण इथे वेळेला महत्त्व आहे. संचालकांनी कंपनीचं नाव नोंदीतून काढून टाकायचा अर्ज केला असेल तर गॅझेटमध्ये सूचना लागते आणि साधारण दोन महिने हरकत घ्यायला मिळतात. तुमचा दावा बाकी आहे असं पुराव्यासह कळवलं की ती प्रक्रिया थांबू शकते. नाव आधीच निघालं असेल किंवा कंपनी दिवाळखोरीत असेल, तरी तिनं घेतलेला दायित्व विमा तुमच्या उपयोगाचा असू शकतो. २०१० च्या एका कायद्यानं बुडालेल्या कंपनीच्या विमा कंपनीवर थेट दावा लावता येतो. हा मुद्दा अनेक वकीलही विसरतात, तुम्ही त्यांना आठवण करून द्या.

कोर्टाची वाट शेवटची, पण ती खुली आहे हे माहीत असावं. काम फुकट होतं म्हणजे करारच नव्हता, असा युक्तिवाद कंपनीकडून होऊ शकतो. त्यावर उत्तर आहे १९७२ च्या डिफेक्टिव्ह प्रिमायसेस अ‍ॅक्टचं. बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्टनं त्यात भर घातल्यानंतर, २८ जून २०२२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये राहत्या घरावर व्यवसाय म्हणून केलेलं काम घर राहण्यायोग्य ठेवणारं असलं पाहिजे, आणि ते कर्तव्य मोडलं तर दावा करायला १५ वर्षांची मुदत आहे. पैसे कोणी दिले हा प्रश्न तिथे आडवा येत नाही. तुमचं काम २०२३ चं, म्हणजे तुम्ही या तरतुदीत बसता. मात्र निष्काळजीपणाचा किंवा कराराचा साधा दावा सहसा सहा वर्षांत लावावा लागतो. स्कॉटलंडमध्ये कायदा आणि मुदती वेगळ्या आहेत, ग्लासगो-एडिनबरावाल्यांनी वरचं जसंच्या तसं लावू नये.

वकिलाबाबत मात्र डोळ्यांत तेल घालून. दारावर येऊन किंवा फोनवर "जिंकलो तरच फी" म्हणणाऱ्याच्या हाती केस देऊ नका. शेफील्डची एसएसबी लॉ ही फर्म भिंतींच्या पोकळीतल्या इन्सुलेशनचे दावे अशाच बोलीवर घेत होती. जानेवारी २०२४ मध्ये ती कोसळली आणि उत्तर इंग्लंडातल्या शेकडो कुटुंबांकडे विरुद्ध बाजूच्या वकिलांच्या खर्चाची बिलं आली, हजारो पौंडांची. त्यांना सांगितलं गेलं होतं की विमा काढलाय, तुम्हाला काही द्यावं लागणार नाही. भिंत ओली ती ओलीच, वर कर्ज. म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: हरलो तर समोरच्याचा खर्च कोण देणार, त्यासाठीची विमा पॉलिसी प्रत्यक्ष दाखवा, आणि तुम्ही केस मध्येच सोडलीत तर माझं काय? लेखी उत्तर देत नसतील तर उठून या. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसचा ग्राहक विभाग फुकट सल्ला देतो, तिथून सुरुवात करा.

हे वाचणाऱ्यांत कोणी भाडेकरू असेल तर त्याची वाट वेगळी आणि सोपी आहे: जबाबदारी घरमालकाची, कौन्सिल किंवा गृहनिर्माण संस्थेचं घर असेल तर तिची तक्रारपद्धत संपवून हाउसिंग ऑम्बड्समनकडे. आणि ज्यांच्या भिंतींत दोन विटांमधली पोकळी भरली आहे, त्यांची हमी बहुधा सिगा या संस्थेकडे असते, तीही २५ वर्षांची. तिथे चुकीचा माल काढून पोकळी रिकामी करता येते, म्हणून उपाय तुलनेनं सरळ आहे.

तुमच्या गल्लीत त्याच कंपनीनं आणखी घरं केली असणार. ही कामं गल्लीच्या गल्ली धरूनच होतात. शेजाऱ्यांशी बोला, एकाच खासदाराला, एकाच हमीदाराला सगळ्यांची पत्रं एकाच आठवड्यात जाऊ द्या. दहा घरांत एकाच जागी, एकाच खिडकीखाली ओल दिसली की 'स्वयंपाक फार होतो' हे कारण कोणालाच पुढे करता येत नाही.

आणि दुरुस्ती झाली की लगेच समाधानपत्रावर सही करू नका. आर्द्रतेच्या नोंदी चालू ठेवा. एक पूर्ण हिवाळा जाऊ द्या, भिंत त्यात कोरडी राहिली तरच सही.